दोन पोती गव्हाची बॅटरी

कऱ्हाडहून निघताना माझ्या सामानात दोन गोष्टी सांगून मागवलेल्या होत्या. पाच किलो ज्वारीचं पीठ ताईने मागवलं होतं आणि आडव्या रेघांची दोनशे पानी वही दाजींनी. वही लखनौतही मिळाली असती, असं मी फोनवर सुचवून पाहिलं. त्यावर दाजी म्हणाले, "पाव्हणं, वहीबरोबर लिहिणारा माणूस पाहिजे. तो इथं मिळत नाही."

माझी थोरली बहीण शैला आणि आमचे दाजी गेली अकरा वर्षं लखनौला आहेत. दाजी मूळचे पाटणचे. वायुदलात त्यांनी तेहतीस वर्षं विमानांची देखभाल केली. शेवटची बदली शहराच्या उत्तरेला बख्शी का तालाब इथे झाली आणि निवृत्तीनंतर, आता पुन्हा कुठं सामान हलवायचं म्हणून, त्यांनी महानगर नावाच्या जुन्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. मी शाळेत भूगोल शिकवतो. तीस वर्षं मुलांकडून गंगेचं मैदान हिरव्या रंगाने रंगवून घेतलं, पण स्वतः कधी भोपाळच्या वर गेलो नव्हतो. जूनचा पहिला आठवडा होता, शाळा उघडायला दहा दिवस होते. इमामबाडा, रेसिडेन्सी, गोमतीचा घाट अशी एक यादी करून मी पुण्याला रेल्वेत बसलो.

चारबाग स्टेशन बाहेरून पाहिलं की स्टेशन वाटत नाही. लाल-पांढरे घुमट, छत्र्या, कमानी. एखाद्या नवाबाने राहायला बांधलं आणि मग मन बदललं, असं काहीतरी. मी मान वर करून पाहत असताना दाजी समोर आले. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली नाही, फक्त हाताने वजन केल्यासारखी थोडी उचलून पाहिली आणि म्हणाले, "दहा-बारा किलो असेल. बरोबर आहे."

त्यांची छोटी चंदेरी गाडी मी ओळखत होतो. डिकी उघडायला गेलो तर दाजींनी अडवलं. आत गव्हाची दोन पोती होती, दोरीने आवळून बांधलेली. बॅग मांडीवर घेऊन पुढे बसलो. समोर, जिथे लोक गणपती ठेवतात तिथे, चाळीस चौकोन आखलेला कागद चिकटवला होता. काचा वर होत्या आणि एसी बंद होता. बाहेर लू (उन्हाळ्यातला भाजणारा वारा) वाहत होती. आत ती नव्हती, पण त्याने फारसा फरक पडत नव्हता.

दाजी म्हणाले, "एक किलोमीटर झाला की एक चौकोन खोडायचा. वही दुपारी सुरू करू."

मी काच खाली करायला बटण दाबलं. ते चालेना. काच उघडली की वारा गाडीला अडवतो आणि बॅटरी जास्त खर्च होते, असं दाजींनी सांगितलं. एसी लावला तर अर्ध्या तासाला दोन चौकोन जादा खोडावे लागतील.

"पण दाजी, ही गाडी पेट्रोलची आहे."

"आत्ता नाही," दाजी म्हणाले आणि त्यांनी गाडी इतक्या हलक्या पायाने सुरू केली की मागच्या रिक्षावाल्याला ती सुरू झाल्याचं कळलंच नाही.

महानगर येईपर्यंत मला सगळा प्रकार समजला. गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षं पुरी होत होती. एकतर नोंदणी वाढवून घ्यायची, नाहीतर गाडी बदलायची. दाजींच्या ओळखीचे एक दंतवैद्य, डॉक्टर रस्तोगी, मुलाकडे परदेशी कायमचे चालले होते आणि त्यांची प्लग-इन हायब्रिड गाडी विकायची होती. म्हणजे अशी गाडी, जिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि घरच्या प्लगवर भरता येईल अशी मोठी बॅटरीही आहे. बॅटरीवर ती चाळीस किलोमीटर जाते. ती संपली की पेट्रोलवर, कितीही. रोजची ये-जा चाळीसच्या आत असेल आणि घरी रोज चार्ज करता येत असेल, तर पेट्रोलला हात लावावा लागत नाही. नसेल, तर जड बॅटरी उगाच घेऊन हिंडायची. आपण यांपैकी कुठल्या माणसांत मोडतो, हे दाजींना आठ दिवसांत ठरवायचं होतं. पुढच्या रविवारपर्यंत डॉक्टर थांबणार होते, पण गाडी आठ दिवस वापरायला देणार नव्हते. म्हणून दाजींनी स्वतःच्याच गाडीची हायब्रिड केली होती. चाळीस किलोमीटरपर्यंत ती विजेवर आहे असं समजून चालवायची, नंतर पेट्रोलवर. गहू म्हणजे बॅटरीचं वजन. थोडं कमी पडत होतं, ते माझ्या बॅगेने भरून निघालं होतं.

ताईने दार उघडलं. मला पाहून तिला आनंद झाला, पण तिची नजर आधी पिठाच्या पिशवीकडे गेली. जेवताना तिने भाकरी, भेंडीची भाजी आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली खस्ता (मसालेदार डाळ भरलेली खुसखुशीत कचोरी) असं ताट वाढलं. दाजींच्या प्रयोगाबद्दल मी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "करू दे. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सकाळी उठून दाढी करतात." भाची मृणाल बेंगळुरूला असते, तिचा फोन आला. मी मराठीत बोललो, ती नेहमीप्रमाणे हिंदीत उत्तर देत राहिली. "मामा, पापा को समझाओ ना. और वो गेहूँ निकलवाओ गाड़ी से, चूहे आ जाएँगे."

चार्जिंगचा प्रयोग त्याच संध्याकाळी सात वाजता झाला. दाजींनी बाजारातून जाड वायरचं वेटोळं आणलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांनी ते हळूहळू खाली सोडलं आणि मी टोक खालून ओढून गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. वायर तळमजल्यावरच्या श्रीवास्तव साहेबांच्या खिडकीसमोरून जात होती. ते सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, अत्यंत अदबीने बोलणारे गृहस्थ. झब्ब्याची बटणं लावत ते बाहेर आले. दाजीही तोवर खाली उतरले होते.

"भाई साहब, गुस्ताख़ी माफ़. यह तार कहाँ तक जा रहा है?"

"गाड़ी तक."

"इसमें करंट है?"

"नहीं. ऊपर अभी लगाया नहीं है."

"और गाड़ी में लगा हुआ है?"

"गाड़ी में लगाने की जगह नहीं है. पेट्रोल की गाड़ी है."

श्रीवास्तव साहेबांनी वायरकडे खालून वरपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "तो फिर यह कर क्या रहा है?"

"चार्जिंग," दाजी म्हणाले.

श्रीवास्तव साहेब चिडले नाहीत. त्यांनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं, आतून खसचं सरबत मागवलं आणि आपली बाजू मांडली. करंट नसलेल्या वायरला त्यांची काही हरकत नव्हती. पण खरी गाडी आल्यावर वायरमध्ये करंट असेल, आणि त्या वायरला त्यांची सक्त हरकत होती. तेव्हा ती हरकत आजच्या तारखेला नोंदवून घ्यावी, एवढीच विनंती. दाजींनी मला खूण केली. मी वहीत हरकत लिहिली, श्रीवास्तव साहेबांनी तिच्याखाली सही केली आणि सरबत कसं झालंय ते विचारलं.

आठ वाजता वीज गेली. सगळी वसाहत गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली. दाजींनी घड्याळात पाहून मला वेळ लिहायला सांगितली. वीज सव्वा तासाने आली आणि तेवढं चार्जिंग बुडालं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या कागदावर दाजींनी एकतीसच चौकोन आखले.

सोमवारी आम्ही दूध आणायला, पेन्शनच्या कामाला आणि कपूरथला बाजारात भाजीला गेलो. तिन्ही ठिकाणं घरापासून चालत जाण्याजोगी होती. इमामबाड्याचं नाव काढल्यावर दाजी म्हणाले, ते नेहमीच्या वापरात येत नाही, त्याने आकडे बिघडतील.

मंगळवारी संध्याकाळी ताईला चौकात जायचं होतं. चौक म्हणजे लखनौचं जुनं शहर. गोल दरवाज्याच्या आत गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी बाहेरच ठेवावी लागते. गर्दीत उभ्या गाडीत बॅटरीचं काय होतं हे पाहायला दाजी गाडीतच थांबले, काचा वर करून. मी ताईबरोबर बॅटरीरिक्षात बसलो. रिक्षावाले नन्हे मियाँ पांढऱ्या दाढीचे होते. हा माणूस रोज बॅटरीवरच जगतो, असं मनात येऊन मी त्यांना चार्जिंगचं विचारलं. ते म्हणाले की त्यांची रिक्षा त्यांच्या दारातच झोपते, खाटेच्या पायाशी, त्यामुळे काही अडचण येत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने या फंदात पडू नये. मग त्यांनी विचारलं, "आपके जीजाजी रोज़ जाते कहाँ हैं?" मी दूध, पेन्शन, भाजी असं सांगितलं. नन्हे मियाँनी रिक्षा चालवता चालवता मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"तो पैदल क्यों नहीं जाते?"

हे मी वहीत लिहिलं नाही.

ताई भाजी किंवा साडी घेणार असेल, असं मला वाटलं होतं. ती एका जिन्याने वर चढून चिकनच्या (लखनौच्या नाजूक भरतकामाच्या) व्यापाऱ्याच्या पेढीत गेली. पांढरी गादी, पांढऱ्या भिंती, पांढऱ्या कपड्यांचे ढीग. गादीवरचे वयस्कर गृहस्थ तिला पाहून उठून उभे राहिले. त्यांनी छपाई केलेल्या कुर्त्यांचा (कापडावर निळ्या कच्च्या रंगाने नक्षी उठवतात, तिच्यावर भरतकाम होतं आणि नंतर धुलाईत निळं निघून जातं) गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. ताईने एकेक कुर्ता उलटा करून पाहिला, तीन परत केले आणि मुर्रीचं काम (तांदळाच्या दाण्यासारखा बारीक टाका) पावसाळ्याआधी होणार नाही, असं स्वच्छ सांगितलं. ते मान डोलवत ऐकत होते. माझी बहीण आमच्या घरात कधी इतक्या ठाम आवाजात बोललेली मला आठवत नव्हती.

परतताना मी विचारलं तेव्हा कळलं. पाच वर्षं ती हे करत होती. बख्शी का तालाबच्या पलीकडच्या एका गावातल्या चौदा बायका भरतकाम करतात. ताई चौकातून कापड नेते, काम तपासते आणि तयार माल परत आणते. आठवड्यातून तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी दोन टेम्पो (शेअर रिक्षा) बदलून, डोक्याइतका उंच गठ्ठा मांडीवर घेऊन.

"दाजींना माहीत आहे?"

"दहा वेळा सांगितलंय," ताई म्हणाली. "ते अच्छा म्हणतात. त्यांचं अच्छा म्हणजे ऐकलं असं नसतं, सुरेश. संपलं असं असतं."

आम्ही दाजींसाठी कुल्फी-फालूदा बांधून घेतला होता. गाडीपाशी पोचेपर्यंत त्याचं सरबत झालं. दाजी आत बसले होते, केस पोहून आल्यासारखे ओले. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहून विचारलं, यात काय आहे. ताई म्हणाली, कपडे. दाजी म्हणाले, "अच्छा."

गुरुवारी मोठी चाचणी होती. दाजींना आपल्या जुन्या तळापर्यंत जाऊन यायचं होतं. ताई म्हणाली की तिलाही तिकडेच जायचं आहे, तळाच्या पुढे चार-पाच किलोमीटर. दाजींनी आश्चर्याने विचारलं की तिकडे तिचं काय काम. ती म्हणाली, "चला, दाखवते." हिशेब केला तर जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर होत होते आणि बॅटरी चाळीसची होती. सगळं नीट वाचवलं तर चार किलोमीटर वर काढता येतील, असं दाजींचं मत पडलं. म्हणजे एसी बंद, काचा बंद, वेग चाळीस. बुधवारी रात्री वीज गेली नव्हती, त्यामुळे चौकोन पूर्ण होते. गठ्ठा डिकीत मावला नाही. तो माझ्या मांडीवर आला.

सीतापूर रस्त्याने शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी आंब्याच्या बागा सुरू झाल्या. झाडं पानांपेक्षा फळांनी जास्त भरलेली. नकाशात जे मी आयुष्यभर एकाच हिरव्या रंगात दाखवलं, त्यात इतके रंग असतील असं वाटलं नव्हतं. कापलेल्या गव्हाच्या शेतांचा पिवळा, कोरड्या तळ्याचा राखाडी, विटांच्या भट्टीचा तांबडा. तळाची लांब भिंत आली तशी दाजींनी गाडी आणखी हळू केली. मी चौकोन खोडला.

गावात कडुनिंबाखाली बायका वाट पाहत बसल्या होत्या. गाडी थांबली तसं सगळ्या उठल्या. ताईला गाडीतून उतरताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांत वडीलधारी फूलमती. तिने दाजींना खाट दिली आणि पाण्याबरोबर गूळ दिला. तिच्या घरात दोन दिवसांवर लग्न होतं, अंगणात मांडव पडत होता. प्रवासात पोती हलली का हे पाहायला दाजींनी डिकी उघडली, आणि तिथेच घात झाला. फूलमतीने गहू पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दीदी, इतना सब काहे ले आईं?"

दाजी काही बोलायच्या आत मांडवाचे बांबू रोवणारे दोघे पुढे आले, त्यांनी दोऱ्या सोडल्या आणि पोती खांद्यावर घेऊन आत गेले. दाजींनी हात वर केला.

"सुनिए, वह बैटरी है."

फूलमती हसली. "हाँ भैया, पेट की बैटरी तो यही है."

दाजींनी ताईकडे पाहिलं. ताई गठ्ठा सोडण्यात गुंतली होती. दाजी खाटेवर जाऊन बसले आणि त्यांनी मला हळूच सांगितलं, "लिहा. अकरा चाळीसला बॅटरी गावात उतरली."

मग तासभर ते नुसते पाहत होते. ताई एकेक काम हातात घेत होती, उजेडात धरत होती, उलटं करत होती. एका मुलीचा धागा मागून सैल होता. तिला न रागवता तो उसवून पुन्हा घालायला लावला. दाजींनी एक कुर्ता उचलला आणि उलट बाजू पाहिली. तेहतीस वर्षं दुसऱ्याच्या कामातले दोष शोधलेला माणूस तो. बराच वेळ पाहून त्यांनी कुर्ता घडी घालून ठेवला आणि ताईला विचारलं, "मागूनही पुढच्यासारखंच आहे. हे तपासायला कोणी शिकवलं तुला?"

"या बायकांनीच," ताई म्हणाली.

फूलमतीने बोलता बोलता गेल्या पावसाळ्याची गोष्ट काढली. दीदी टेम्पोतून उतरताना गठ्ठ्यासकट चिखलात पडली होती, गुडघा सुजला होता, दोघी जणी तिला घरापर्यंत पोचवायला आल्या होत्या. दाजी तेव्हा झोपले होते. ताई महिनाभर लंगडत होती हे त्यांना आठवत होतं. वयाने होतं असं समजून त्यांनी तेल आणून दिलं होतं.

दीड वाजता आम्ही निघालो. गहू नसल्यामुळे परतीचे आकडे धरता येणार नाहीत, असं दाजी म्हणाले, पण एसीला त्यांनी हात लावला नाही. मागे ताई आणि तयार मालाचा गठ्ठा, पुढे मी, समोर कागदावर अठरा चौकोन शिल्लक. तळ मागे पडल्यावर मला जाणवलं की गाडी रस्त्याच्या मधोमध चालली आहे. पाठीमागचा ट्रक हॉर्न वाजवत होता आणि दाजी आरशात पाहत नव्हते. त्यांच्या तोंडावर घाम नव्हता. अर्ध्या तासापूर्वी ते घामाने निथळत होते आणि आता चेहरा कोरडा, लालसर होता.

"दाजी, बाजूला घ्या," मी म्हणालो.

"अकरा राहिलेत," ते म्हणाले. पण शब्द जड येत होते.

मी स्टिअरिंगला हात लावला आणि आम्ही कशीबशी एका आंब्याच्या बागेच्या कडेला गाडी उभी केली. ताई कधी उतरली, कधी पुढचं दार उघडलं, मला कळलं नाही. आम्ही त्यांना सावलीत आडवं केलं. ताईने सगळ्या बाटल्यांचं पाणी त्यांच्या डोक्यावर, मानेवर ओतलं, एक नवा पांढरा कुर्ता ओला करून छातीवर ठेवला. बागेचा राखणदार बादली घेऊन धावत आला.

"अहो, माझ्याकडे बघा," ताई म्हणाली. "मी कोण आहे सांगा."

दाजींनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"शैला," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "अजून पेट्रोल लागलं नाही."

ताई उठली. गाडीत गेली, समोरचा कागद काढून तिने चार घड्या घातल्या आणि माझ्या खिशात कोंबला. आम्ही दाजींना मागे झोपवलं. मी विचारलं, आता चालवणार कोण. मला फक्त स्कूटर येते. ताईने चालकाची सीट पुढे ओढली. जोधपूरच्या बदलीत दाजी महिनोन्‌महिने बाहेर असायचे तेव्हा ती तीन वर्षं गाडी चालवत होती. लखनौला आल्यावर दाजी घरी असू लागले आणि तो विषय निघाला नाही. परवान्याचं नूतनीकरण मात्र दाजी स्वतःच्या परवान्याबरोबर करून आणत होते. पहिल्या दोन वेळा इंजिन बंद पडलं. तिसऱ्यांदा गाडी निघाली. तिने एसी शेवटच्या टोकाला नेला आणि सत्तरच्या वेगाने आम्ही लखनौला आलो.

डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. शुक्रवारी दाजी अंथरुणावर बसून वही वाचत होते. दुपारी त्यांनी मला आणि ताईला बोलावलं. सगळ्या नोंदींची बेरीज त्यांनी दोनदा केली होती. चाचणीसाठी म्हणून केलेल्या फेऱ्या वगळल्या, तर त्यांचं स्वतःचं जाणं-येणं दिवसाला तीन किलोमीटर होतं.

"मला प्लग-इन लागत नाही," ते म्हणाले. "मला साधी हायब्रिडही लागत नाही. मला गाडीच लागत नाही."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. इंजिन काढून पाहिलं आणि आत हे सापडलं, असं सांगितलं. ताईने पाण्याचा पेला पुढे केला. तो घेता घेता त्यांनी विचारलं, "तुझं किती होतं?"

ताई सांगत गेली. गावच्या तीन फेऱ्या, चौकाच्या दोन, धुलाईवाल्याकडची एक. दाजी वही मांडीवर घेऊन स्वतः लिहीत होते, मधे मधे एखादं नाव पुन्हा विचारत होते. एकदाही अच्छा म्हणाले नाहीत. लिहून झाल्यावर त्यांचे डोळे चमकले. बहुतेक फेऱ्या चाळीसच्या आत, किंवा जरा वर. ही गाडी ज्या माणसासाठी बनवली होती, ते माणूस त्यांच्याच घरात होतं.

म्हणून शनिवारी सकाळी आम्ही तिघं डॉक्टर रस्तोगींकडे गोमतीनगरला गेलो. निघताना ताईने दोन गठ्ठे बरोबर घेतले होते. डॉक्टरांची गाडी देखणी होती, आणि जवळजवळ नवीन. दाजींनी चार्जिंगची केबल पाहायला मागितली. डॉक्टरांनी ती आतून आणली. केबल कारखान्यातून आली तशी प्लॅस्टिकमध्ये बंद होती. चार वर्षांत त्यांनी गाडी एकदाही चार्ज केली नव्हती. पेट्रोलवर चालते म्हटल्यावर कशाला, असं ते म्हणाले आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. दाजींनी नुसती केबल हातात धरून ठेवली.

ताईने गाडी वसाहतीतून एक फेरी मारून आणली. उतरली तेव्हा चेहरा खुलला होता. तिने डिकी उघडली. बॅटरी खाली असल्यामुळे डिकीचा तळ उंच आला होता. एक गठ्ठा मावला, दुसरा राहिला. मग ती वाकून गाडीच्या पोटाखाली पाहू लागली आणि गावच्या शेवटच्या रस्त्यावरची खडी आठवून तिने मान हलवली.

"गाडी छान आहे," ती म्हणाली. "मला नको. आपलीच नोंदणी वाढवून घ्या. किल्ली मात्र मला वेगळी पाहिजे."

दाजींनी डॉक्टरांचे आभार मानले. घरी आलो तर श्रीवास्तव साहेब फाटकात उभे. गुरुवारची हकीकत ऐकून त्यांना वाईट वाटलं होतं. वायरला त्यांची हरकत होती, भाई साहबांना नव्हती. म्हणून त्यांनी वायरमन बोलावून स्वतःच्या बाहेरच्या भिंतीवर जाड पिनेचा सॉकेट बसवून घेतला होता, खास आमच्या गाडीसाठी, वर पावसासाठी पत्र्याची टोपी. आम्ही गाडी घेतली नाही हे त्यांना कोणी सांगायचं, यावर आम्ही तिघं जिन्यात थांबून बोललो. शेवटी दाजी गेले. दोघंही बराच वेळ एकमेकांची माफी मागत होते. अखेर त्या सॉकेटला उभा पंखा लावून दोघांनी अंगणात खुर्च्या टाकल्या.

रविवारी ताईने मला चारबागला सोडलं. दाजी तिच्या शेजारी बसले होते आणि रस्त्यावरचे खड्डे आधीच सांगत होते. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. यादीतलं काहीच पाहून झालं नव्हतं. इमामबाड्याचा एक कोपरा पुलावरून जाताना दिसला.

घरी पोचल्यावर मी सुनंदाला, माझ्या बायकोला, ओट्यापाशी उभं राहून सगळं सांगितलं. सांगता सांगता मला स्फुरण चढलं. दाजींसारख्या हुशार माणसाला पाच वर्षं आपली बायको कुठे जाते हे कळू नये, याचं मी फार नवल केलं. भूगोल नुसता पुस्तकातला नसतो, असंही काहीतरी म्हणालो. सुनंदा भाजी निवडत होती. माझं संपल्यावर तिने जुडी बाजूला ठेवली.

"आणि मी मंगळवारी दुपारी कुठे जाते?" तिने विचारलं.

मी आधी देऊळ म्हणालो. मग तिची बहीण. मग भिशी. ती प्रत्येक वेळी शांतपणे नाही म्हणत राहिली. मी खुर्ची ओढून घेतली, तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "सांग."